पाथरवटाचे सूप

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजाला गादीवर बसून बारावे वर्ष लागले होते. कार्तिक सरून मार्गशीर्ष उजाडला होता. त्या साली थंडी लवकर आली. ज्वारी अजून पोटरीत होती, कणीस बाहेर पडले नव्हते, तोच लोकांनी घोंगड्या बाहेर काढल्या.

राजधानीपासून दूर, काळ्या दगडाच्या डोंगराखाली एक गाव होते. तिथे सुभाना नावाचा म्हातारा पाथरवट राहत असे. गावातली दळायची जाती, पाटे, उखळे, देवळाच्या पायऱ्या, सगळे त्याच्या हातचे. हात कसबी होता आणि मान ताठ होती.

त्याची एक रीत होती. कुणी अडलेला दिसला की तो जाते घडवून द्यायचा आणि मोबदला घ्यायचा नाही. कुणी आपणहून काही आणले तर परत पाठवायचा. भोपळा आणला, भोपळा परत. तुपाची वाटी आणली, वाटी परत. "माझ्या घरात काही कमी नाही," एवढे बोलून दार लावून घ्यायचा. आपण कुणाचे काही लागत नाही, याचा त्याला मोठा अभिमान. देवापुढे हात जोडतानाही तो हेच सांगत असे.

बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलता एक लेक राजाच्या हुकमावरून नदीचा घाट बांधायला गेला होता. तो फाल्गुनाशिवाय परतणार नव्हता. घरात सुभाना आणि सून येसू, अशी दोघेच. येसूला सातवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, पण येसूला माहेर नव्हते. आईबाप लहानपणीच गेले. मामाने वाढवले, लग्न लावले आणि मामा मोकळा झाला.

सुभाना सुनेला म्हणाला, "पोरी, माहेर नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. या घरात बाळ येईल ते राजाच्या घरी आल्यासारखं येईल. मी बघतो सगळं."

आणि तो खरोखरच कामाला लागला.

आता त्या गावची एक चाल सांगितली पाहिजे. तिला सूप फिरवणे म्हणत. ज्या घरात सातवा महिना लागे, त्या घरातले सर्वांत वडील माणूस रिकामे सूप घेऊन निघे. पाच घरांच्या दारात उभे राही आणि म्हणे, "आमच्याकडे पाहुणा यायचाय. जुनेर द्या." मग त्या घरातले धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे, धोतर, पांघरूण सुपात पडे. त्याचीच दुपटी करायची, त्याचीच गोधडी शिवायची. बाळाच्या अंगाला पहिला स्पर्श त्या पाच घरांच्या कापडाचा. नवे कापड बोचते, जुने बोचत नाही, असे म्हाताऱ्या सांगत. पाच घरांची ऊब मिळालेले पोर साऱ्या गावाचे होते, असेही सांगत.

चाल मोठी मायेची, पण एका बाबतीत कडक. सूप दारात आल्याशिवाय आणि तोंडाने मागितल्याशिवाय कुणी जुनेर द्यायचे नाही. न मागता दिलेले बाळाला बाधते, असे मानत. म्हणून सातवा महिना लागल्याचे कळले की बायका कापडे धुऊन ठेवत आणि वाट बघत.

सुभानाने सूप काही भिंतीवरून काढले नाही.

त्याने परसातली खोली पाडली. मातीच्या भिंतींच्या जागी घडीव दगडाच्या भिंती उभ्या केल्या. शेणाने सारवलेली जमीन उकरली आणि काळी फरशी बसवली. ती इतकी घासली की तिच्यात तोंड दिसावे. बाजाराला जाऊन कोऱ्या कापडाचा अख्खा तागा आणला, जाड, पांढरा, खळीचा. शेवटी घरातल्या जुन्या गोधड्या, विटकी लुगडी, झिजलेली धोतरे परसात नेली आणि त्यांना काडी लावली. नव्या बाळाला जुने काही नको, असे त्याने मनाशी धरले होते. धूर गावभर गेला. लोकांनी बघितले आणि कुणी काही बोलले नाही.

बोलली ती एक कोंडाबाई. कोंडाबाई गावची सुईण. अर्धे गाव तिने आपल्या हाताने या जगात आणले होते, त्यामुळे ती कुणालाही अरेतुरे करी. येसूला बघायला आली, तेव्हा सुभानाने तिला मोठ्या दिमाखात नवी खोली दाखवली. कोंडाबाईने भिंतीला हात लावला. अनवाणी पाय फरशीवर घासला. तागा उचलून आपल्या गालाला लावला.

"सुभाना, किल्ला छान बांधलास," ती म्हणाली. "आता शत्रूची वाट बघ."

सुभानाला राग आला. यात वाईट काय आहे, असे त्याने विचारले. कोंडाबाईने सांगितले की दगड पौषात गारठतो आणि शेगडीची ऊब पिऊन टाकतो. कापड तर असे ताठ की जमिनीवर ठेवले तर उभे राहील. बाळ म्हणजे काही जात्याची तळी नव्हे, की खरखरीत अंगाने काम भागावे. मग तिने सुपाचा विषय काढला. सुभानाच्या लेकाच्या वेळी सुभानाच्याच आईने पाच घरे मागितली होती, याची आठवणही दिली.

"तेव्हा घरात नव्हतं, म्हणून मागितलं," सुभाना म्हणाला. "आता आहे. जन्मभर कुणाच्या दारात हात पसरला नाही. म्हातारपणी चिंध्या मागत फिरू?"

कोंडाबाई उठली. लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, "माग नाहीतर मागू नकोस. बाळ काही तुझा ताठा बघून थांबायचं नाही."

येसूने हे सगळे चुलीपाशी बसून ऐकले. पण सासऱ्याला कसे सांगावे? ती घरातली वडील नव्हती, तेव्हा सूप तिला फिरवता येत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती कोऱ्या कापडाचे तुकडे घेऊन ओढ्यावर जाऊ लागली. दगडावर आपटायची, पिळायची, वाळत घालायची आणि पुन्हा न्यायची. खळ निघाली. खरखर निघेना. तिची बोटे मात्र सोलवटली.

सुभाना रोज दोरीवर पांढरी कापडे बघायचा आणि मनात सुखावायचा. त्याला वाटले, सुनेला कापड फार आवडले आहे.

पौष लागला. एका सकाळी गवतावरचे दव गोठून पांढरे झाले होते. येसू सगळीच्या सगळी कापडे घेऊन ओढ्यावर गेली. शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सरकला आणि ती कमरेइतक्या गार पाण्यात बसली. धुणे धुणाऱ्या बायांनी तिला वर काढले आणि हाताला धरून घरी आणले. अंग कोरडे करेपर्यंत कळा सुरू झाल्या होत्या. आठवा महिना होता.

कोंडाबाई धावत आली. दगडी खोलीत शेगडी पेटवली. निखारे लाल झाले, पण खोली काही तापेना. नवी कापडे ओली होती. जुनी सुभानाने जाळली होती. साऱ्या घरात बाळाला गुंडाळण्याजोगा कोरडा, मऊ तुकडा नव्हता.

कोंडाबाई बाहेर ओट्यावर आली. आता तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

"आठमाशी आहे," ती म्हणाली. "अशा बाळाच्या अंगावर मांस नसतं, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. जगेल. पण मऊ पाहिजे आणि ऊब पाहिजे. ती नसली तर हातातून जाईल, हे आत्ताच सांगते."

सुभाना म्हणाला की तो आत्ता बाजाराला निघतो, लागेल ती किंमत देतो.

"बाजारात मिळत नाही ते," कोंडाबाई म्हणाली. "सूप घे."

सुभाना उभाच राहिला. आत येसू कण्हत होती. दाराच्या फटीतून तिला सासऱ्याचे पाय दिसत होते. लग्न झाल्यापासून तिने सासऱ्याला कधी काही मागितले नव्हते. आज ती आतून बोलली.

"मामंजी, माझ्यासाठी मागू नका. त्याच्यासाठी मागा."

सुभानाने भिंतीवरचे सूप काढले. त्याच्या बायकोचे सूप होते ते. बांबूच्या कामट्यांचे, शेणाने सारवलेले, हाताला हलके. ज्या माणसाने जात्याची तळी एकट्याने उचलली, त्याला ते सूप उचलून चालताना घाम फुटला.

सगळ्यांत जवळचे दार राहीचे. दुसऱ्या कुणाचे असते तर बरे झाले असते, असे सुभानाला वाटले. कारण राहीचे आणि त्याचे एक जुने देणेघेणे अडलेले होते.

राहीचा नवरा तापाने गेला, तेव्हा तिची पोरे लहान होती. घरात दाणा नव्हता. सुभानाने एक मोठे जाते घडवले, खांद्यावरून आणले आणि तिच्या पडवीत मांडून दिले. त्या जात्यावर तिने गावाचे दळण दळले आणि पोरे वाढवली. पहिल्या दळणातले पीठ टोपलीत घेऊन ती सुभानाच्या दारी गेली होती. त्याने टोपलीवरचे फडकेसुद्धा उचलले नाही. कमी नाही म्हणाला आणि दार लावले. तेव्हापासून राही त्याच्या घरावरून खाली मान घालून जाई. सुभाना समजे की ही मान देते.

आता तो तिच्या दारात सूप घेऊन उभा होता. राही दळत होती. तिने खुंटा सोडला आणि बाहेर आली. सूप बघितले. पण सूप बघून भागत नव्हते. मागितल्याशिवाय तिला देता येत नव्हते.

सुभानाचे तोंड उघडेना. तो म्हणाला की जात्याला टाकी लावून खडबडीत करायची वेळ झाली असेल. राही म्हणाली, जाते चांगले चालते. तो म्हणाला, थंडी फार आहे. राही म्हणाली, आहे खरी. पलीकडून येसूचा आवाज आला. राहीचे डोळे भरून आले, तरी ती जागची हलली नाही.

"आबा," ती म्हणाली, "सूप कशाला आणलंत ते सांगा. लवकर सांगा."

सुभानाने मान खाली घातली. गावाने ती मान खाली गेलेली कधी पाहिली नव्हती.

"आमच्याकडे पाहुणा यायचाय," तो म्हणाला. "पोरी, जुनेर दे."

राही वळली आणि लगेच परत आली. तिच्या हातात एक गाठोडे होते. धुतलेले, उन्हात वाळवलेले, व्यवस्थित घड्या घातलेले. वर तिचे स्वतःचे लुगडे, इतके मऊ की मुठीत मावावे.

"सातवा लागल्यापासून बांधून ठेवलंय," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज सूप येईल. चला, मी पुढं होते. तुम्ही बाकीची घरं करा." आणि गाठोडे घेऊन ती सुभानाच्याच घराकडे पळत सुटली.

एकदा तोंड उघडले की पुढचे सोपे जाते. दुसरे दार रंगोबाचे. रंगोबा सुभानाच्याच वयाचा शेतकरी, जिभेचा तिखट. सुभानाने मागितले. रंगोबाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "ऐकायला बरं वाटतंय."

सुभाना पुन्हा म्हणाला.

रंगोबा हसला आणि मग हसायचा थांबला. "सुभाना, तू दिलेल्या पाट्यावर माझ्या घरात रोज मिरची वाटली जाते. फुकटचा पाटा. जेवायला बसलो की तुझे उपकार ताटात. भोपळा आणला तो तू परत पाठवलास. अरे, तुझे उपकार खाऊन खाऊन आम्हाला अजीर्ण झालंय. किती वर्षं वाट बघायची माणसानं?"

 आपण गावावर ओझे ठेवत आलो, हे सुभानाला त्या दारात पहिल्यांदा कळले. लोक आपल्याला बघून रस्ता का बदलतात, तेही कळले. रंगोबाने आपले जुने पागोटे सुपात टाकले. त्याच्या म्हातारीने गोधडी टाकली, अन् सूप भरले.

बाकीच्या घरांना सुभानाला फार थांबावे लागले नाही. सूप निघाल्याची बातमी त्याच्या आधी पोचली होती. तो मागायला तोंड उघडी आणि दारातून हात पुढे येत. पाच घरे झाली, तरी लोक थांबेनात. पाच घरांचे मागून झाले की मग देण्याला आडकाठी नसते. कुणी कडब्याच्या पेंढ्या आणल्या, कुणी बाज आणली, कुणी गोवऱ्यांची पाटी, तर कुणी तिळाचे तेल आणि ओव्याची पुरचुंडी. ज्यांची ज्यांची वाटी कधीकाळी परत गेली होती, ते सगळे आले.

बायांनी फरशीवर कडबा अंथरला. कडब्यावर घोंगड्या टाकल्या. भिंतींना गोधड्या टांगल्या. दारावर रंगोबाच्या म्हातारीचे जाड पांघरूण लावले. मग शेगडी पुन्हा पेटवली. या वेळी ऊब खोलीतच राहिली. कोंडाबाईने आजूबाजूला पाहिले आणि म्हणाली की आता हा किल्ला घरासारखा दिसतोय.

सुभाना बाहेर ओट्यावर बसला. रिकामे सूप मांडीवर. त्या ओट्यावर याआधी माणसे बसलेली कुणाला आठवत नव्हती. आज रंगोबा शेजारी बसला, आणखी चारजण बसले.  ऊन ओट्यावरून खाली उतरले आणि अंगणात गेले.

दुपार कलली तेव्हा आत गडबड झाली. मग एकदम शांतता. बाळ आले होते, पण रडत नव्हते. सुभानाने सुपाची कड इतकी घट्ट धरली की एक कामटी मोडली. आत कोंडाबाईने कोमट तेलाने ते एवढेसे अंग चोळले, पाठीवर बोटे फिरवली, राहीच्या लुगड्यात गुंडाळले आणि येसूच्या छातीशी धरले. थोडा वेळ गेला. तो थोडा वेळ सुभानाला डोंगराएवढा वाटला.

मग रडणे ऐकू आले. आधी मांजरीच्या पिलासारखे. मग चांगले खणखणीत.

ओट्यावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. राही दारात आली आणि म्हणाली, मुलगी आहे, दोघी सुखरूप. सुभानाने डोळे मिटले. दगड फोडून फोडून निबर झालेले त्याचे खांदे सैल पडले. त्याने डोळे पुसले आणि पुसताना कुणी बघते का, ते पाहिले नाही.

रंगोबा कान देऊन ऐकत होता. "आवाज मोठा आहे," तो म्हणाला. "आजोबावर गेली नाही. ही मागून घेईल."

सगळे हसले, आणि सुभानाही हसला.

मुलगी लहान होती, पण तगली. थंडी होती, पण तिच्यापर्यंत पोचली नाही. येसू बाजेवर पडून शेक घेई आणि घरात बायांची ये-जा चाले. कुणी पेज आणी, कुणी डिंकाचा लाडू. सुभाना दार लावायला विसरला. पुढे तर त्याने दाराची कडीच काढून टाकली. कुणी काही आणले की तो दोन्ही हातांनी घेई आणि आत नेई. पहिल्या दिवशी त्याला ते जमेना, हात अवघडत. मग जमले. लोक त्याच्या घरावरून मान वर करून जाऊ लागले, आणि जाता जाता थांबूही लागले.

बाराव्या दिवशी बारसे झाले. पाळणा रंगोबाच्या घरचा, दोर दुसऱ्या कुणाचा, खालची गोधडी पाच घरांची. बायांनी नाव ठेवले. राहीने मुलीला पाळण्यात घातले, झोका दिला आणि मग ती ओट्यावर सुभानाजवळ आली. पदर सारखा करून तिने हळूच विचारले.

"आबा, जात्याचं फिटलं का?"

पूर्वीचा सुभाना असता तर म्हणाला असता, कसले जाते आणि कसले फिटणे. आणि ती पुन्हा मान खाली घालून गेली असती.

लहानांनी आणि थोरांनी ध्यानात ठेवायचे ते एवढेच: ज्या घराला मागता येते आणि घेता येते, त्याच घरात बाळाला ऊब मिळते.

सुभानाने राहीकडे पाहिले.

"फिटलं," तो म्हणाला.